कारध्याच्या अंगणात तिपासा

आमच्या भागात पोरगी पसंत पडली म्हणून सोयरिक जमत नाही. पोरीकडचे लोक घर पाहून जातात, मग जमते. आणि घर पाहतात म्हणजे चहा पिऊन निघून जातात असं समजू नका. विहिरीत वाकून पाणी पाहतील, कोठ्यातले बैल मोजतील, धानाच्या ढोलीवर बोट वाजवून ती भरली आहे की रिकामी ते आवाजावरून सांगतील, आणि जाता जाता शेजारणीला "सासू कशी हाय जी सोभावानं?" असं आमच्याच फाटकात उभं राहून विचारतील. मी स्वतः अशी सात घरं पाहून आलो आहे आणि त्यातली दोन नापास केली आहेत, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

पण आमच्या पोराचं, भुपेंद्रचं घर तिपाशात आहे. तिथेच घोडं अडलं.

तिपासा कुठे आहे, हे दोन वर्षांपूर्वी मला तरी कुठे माहीत होतं! आफ्रिकेच्या वरच्या अंगाला अल्जीरिया नावाचा देश आहे, त्याच्या कडेला भूमध्य समुद्र आहे आणि त्या समुद्राच्या अगदी काठावर हे गाव. रोमन लोकांनी ते नावारूपाला आणलं, मग अगदी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनी तिथे मोठमोठी प्रार्थनास्थळं बांधली, आणि मग ते सगळं पडलं. आता ते पडलेलं पाहायला जगभरातून लोक येतात! भुपेंद्र तिथून जवळच समुद्राचं खारं पाणी गोड करायच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी सिंचन खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. बापाने छत्तीस वर्षं पाणी वाटलं, पोरगा पाणी गोड करतो आहे. वंशाचं नाव पाण्यातच राहिलं, याचा मला फार अभिमान आहे.

पोरगी दिघोरीची. रुचिका. लाखांदूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. भुपेंद्र दिवाळीत आला तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिलं, पसंत केलं, आणि तेव्हापासून फोनवर इतकं बोलतात की माझा फोन तो उचलतच नाही. सगळं जमल्यातच जमा होतं. मग तिचे वडील भैय्याजी आमचं कारध्याचं घर पाहायला आले. विहीर झाली, कोठा झाला, ढोली वाजवून झाली. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले,

"मधुकरराव, घर चांगलं हाय. पण पोरगी इथं कुठं राहून राहिली? ते तं तिपाशाले राहीन. मंग तिपासा पाहा लागन ना जी."

मी म्हटलं, "त्यात काय, फोनवर दाखवतो ना."

"फोनवर कोनीबी कायबी दाखवते. आमच्या गावच्या एका पोरीले फोनवर दोन मजली घर दाखवलं. लगन झाल्यावर पाहाते तं वरचा मजला दुसऱ्याचा!"

त्यांच्या आई शकुनबाई शेजारीच बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, नजर मात्र पोलिसपाटलाची. त्या म्हणाल्या, "अन् फोन असते चापट. त्याच्यात पानी कुठं, मसन कुठं, काई समजत नाही. मले तं फिरून पाहा लागते, बाप्पा."

आता पाहायला आलेल्या या अकरा लोकांना अल्जीरियाला न्यायचं कसं? भैय्याजींकडे पासपोर्ट नव्हता, शकुनबाईंकडे तर जन्माचा दाखलाही नव्हता. सोयरिक इथेच मोडते की काय, असं वाटून माझ्या पोटात खड्डा पडला. आणि त्या खड्ड्यातूनच मला ती कल्पना सुचली! खात्याच्या प्रदर्शनात मी एकदा कालव्याचं मॉडेल केलं होतं आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. मी ताडकन उठलो.

"फिरूनच दाखवतो! या अंगणात तिपासा उभा करतो. पुढच्या शुक्रवारी या!"

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाहुणे गेल्यावर रुखमिणी, म्हणजे आमची सौभाग्यवती, बाहेर आली.

"अवो, काय बोलून बसले तुमी? मांडवाचं, वाजंत्रीचं पाहाचं सोडून आता गाव बांधाचं?"

"मांडव लागेल तेव्हा लागेल. आधी तिपासा!" मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, निवृत्तीनंतर इतका उत्साह मला कधीच आला नव्हता. त्याच दिवशी भुपेंद्रकडून पन्नास फोटो मागवले, आलेखाचा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं. एक फुटाला पन्नास मीटर, असं प्रमाण धरलं. या प्रमाणात खांब उदबत्तीहून लहान होत होते, म्हणून खांबांना विशेष मंजुरी देऊन ते गुडघ्याएवढे केले.

बातमी कारध्यात पसरायला एक दुपार पुरली. पहिला आला वीरेंद्र. याचं चौकात बिछायत केंद्र आहे. मांडव, सतरंज्या, भांडी सगळं भाड्यानं देतो, सल्ला तेवढा फुकट देतो. "काकाजी, समुद्राची फिकर करू नका," म्हणाला आणि तासाभरात निळी ताडपत्री घेऊन आला. ताडपत्री सुरेखच होती, पण अंथरल्यावर दिसलं की भूमध्य समुद्राच्या मधोमध 'वीरेंद्र बिछायत केंद्र, लग्नकार्यासाठी भेटा' असं पांढऱ्या अक्षरात छापलं आहे, खाली फोन नंबर. उलटी करावी तर मागून ती पिवळी. मी त्या अक्षरांवर कागदाची दोन जहाजं ठेवली, तरी 'भेटा' दिसतच राहिलं.

मग समोरच्या जनाबाई आल्या. मी तेव्हा पुठ्ठ्यावर 'मोठी बासिलिका, ख्रिस्ती प्रार्थनास्थळ, चौथे शतक' अशी पाटी रंगवत होतो. त्यांनी ती वाचली आणि तोंडाला पदर लावला.

"माय वो! पोरगा किरिस्ताव झाला काय जी?"

"नाही हो जनाबाई. तिथं ते दीड हजार वर्षांपासून आहे. भुपेंद्र नुसता बाजूनं जातो."

"मंग कायले दाखवता? झाकून टाका ना. त्या जागी मारुतीचं देऊळ दाखवा, सोयरे खुश होतीन."

मी त्यांना सांगितलं की नकाशा म्हणजे नकाशा, त्यात जे आहे ते दाखवायचं आणि जे नाही ते दाखवायचं नाही. हे वाक्य मी फार तोऱ्यात बोललो. कृपया लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्याची फार लाज वाटली.

आता राहिला किनारा. किनाऱ्याला रेती हवी. कारधा वैनगंगेच्या काठावर आहे आणि नदीत रेतीच रेती आहे. वीरेंद्र म्हणाला, "दोन टोपल्या रेतीले कोन इचारते?" पण मी सरकारी माणूस. रीतसर परवाना काढीन, म्हटलं, आणि रेतीचे परवाने देणाऱ्या कचेरीत गेलो. अर्जात 'प्रयोजन' नावाचा रकाना होता आणि खाली पर्याय छापले होते: घर, विहीर, शौचालय, रस्ता. मी चारही पर्यायांवर काट मारून सुवाच्य अक्षरात 'समुद्रकिनारा (लहान)' असं लिहिलं.

बाबूंनी अर्ज वाचला. चष्मा पुसून परत वाचला. "आपल्या जिल्ह्यात समुद्र कधी आला जी?"

"यायचा आहे. शुक्रवारी. माझ्या अंगणात."

बाबू हसतील, असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पानं चाळली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "किनाऱ्यापासून पाचशे मीटरच्या आत बांधकाम आहे?"

"आहे. अख्खं गावच आहे. माझं घरसुद्धा."

"मग किनारा नियमनाचा दाखला जोडा लागन. तो आपल्याकडे कोनी देत नाही. मुंबईले लिहा."

मी तीन दिवस त्या कचेरीत जात होतो. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते, तिसऱ्या दिवशी साहेब होते पण अर्ज दौऱ्यावर होता. शेवटी एका शिपायानं मला बाजूला नेऊन सांगितलं, "साहेब, कोंडा टाका ना. कोंडा पिवळाच असते." माणूस देवासारखा भेटला! राईस मिलमधून दोन पोती धानाचा कोंडा आणला आणि अंथरला. काय किनारा झाला सांगू! उन्हात सोन्यासारखा चमकत होता. फक्त वारा सुटला की किनारा उडून समुद्रात जायचा, आणि जनाबाईंच्या चार कोंबड्या दिवसभर भूमध्य समुद्राच्या काठाने दाणे शोधत हिंडायच्या.

पण खरी भानगड त्या तीन दिवसांत मागे घरी झाली होती.

बांधकामाला मी खुशाल मिस्त्रीला बोलावलं होतं. त्याला फोटो दिले, कुठला खांब कंबरेत मोडलेला, कुठला आडवा, कुठल्या भिंतीचे नुसते दोन थर शिल्लक, सगळं समजावलं आणि मी कचेरीच्या वाटेला लागलो. पहिल्या दोन संध्याकाळी त्यानं 'ओलं हाय, उघडू नका' म्हणून सगळं पोत्यांखाली झाकून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येऊन पाहतो तर अंगणात बावीस खांब. बावीसच्या बावीस उभे! पाइपाच्या तुकड्यांत सिमेंट भरून, वरून गुळगुळीत गिलावा करून, पांढरा ऑइल पेंट मारलेला. बासिलिकेच्या भिंती पूर्ण, वर स्लॅब. समुद्राकाठच्या उतारावर फोटोत दगडी पेट्या होत्या, त्या जागी गुरांना पाणी पाजतात तशा सिमेंटच्या छान छोट्या डोण्या, त्यांत पाणीसुद्धा भरलेलं.

"खुशाल! हे काय करून ठेवलं रे?"

"काकाजी, पहिले आयका. मी चाळीस घरं बांधली. एकाच्याबी भितीले आजवर तडा नाही. अन् तुमी मले पडके खांब बांधाले सांगता? पावने इचारतीन, मिस्त्री कोन होता? तवा तुमी माहंच नाव सांगसान ना?"

"अरे पण तिथं ते पडलेलेच आहेत!"

"तिथच्या मिस्त्रीची गोष्ट मले सांगू नका. मी नाही पाडत."

वीरेंद्र होताच. तोही म्हणाला, "काकाजी, डोकं लावा. पडक्या गावात पोरगी कोन देते? राहू द्या उभे." रुखमिणीनं खांबांवरून फडकं फिरवलं, म्हणजे तिचं मत कुठल्या बाजूला होतं ते कळलं.

आणि मी? मी अंगणात उभा राहून पाहिलं. मावळतीच्या उन्हात ते पांढरे खांब, निळा समुद्र, पिवळा किनारा. इतकं देखणं दिसत होतं हो! रोमन लोकांच्या काळी हे उभेच होते, म्हणजे खोटं काही नाही, जरा जुनं आहे इतकंच, अशी मी मनाची समजूत घातली. मग भुपेंद्रला फोन करून बजावलं, "शुक्रवारी फोन केलास तर खोलीतूनच कर. बाहेर निघू नको. ऊन लागेल."

शुक्रवारी दुपारी दोन गाड्या भरून दिघोरी आली. वीरेंद्रनं सर्वांना दिसावं म्हणून लग्नातला मोठा टीव्ही आणून ओट्यावर ठेवला आणि माझा फोन त्याला जोडून दिला. मी नको नको म्हणत होतो. "फुकट आहे काकाजी," म्हणाला.

सुरुवात झकास झाली! हातात पट्टी घेऊन मी पुढे, मागे अकरा पाहुणे, त्यांच्या मागे अर्धं कारधा. हे नाट्यगृह. हा बाजार. ही बासिलिका. भैय्याजींनी वाकून खांबावर टिचकी मारली. ढोलीची सवय! "भरीव हाय," त्यांनी आईला सांगितलं. खुशाल मिस्त्री भिंतीशी हाताची घडी घालून उभा होता, तो दोन इंच वाढला.

शकुनबाई काठी टेकत समुद्रापाशी थांबल्या. "तलाव कुठं हाय?"

"आजी, तिथं तलाव नाही. हा समुद्र."

"समुद्र खारा असते म्हनते. मंग भात कायच्यात शिजवते?"

"भुपेंद्र गोड करतो ना पाणी."

शकुनबाईंनी ताडपत्री या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "एवढं सारं? एकटाच?"

मग त्यांचं लक्ष डोण्यांकडे गेलं आणि चेहरा खुलला. "हे मातर बेस केलं. गावाच्या शिवेवर जनावराले पानी!" भैय्याजींनी तर कौतुकानं त्यातल्या एकीत हातच धुतले. मी घाईनं चहाची हाक दिली. कारण त्या पेट्या कशाच्या आहेत ते भुपेंद्रनं मला फोटोखालीच लिहून पाठवलं होतं.

रुखमिणी चहा-पोहे घेऊन आली. भैय्याजी बशीत चहा ओतत म्हणाले, "मधुकरराव, गाव पसंत हाय. पक्कं बांधकाम हाय. आता कुंकू लावून सोयरिक पक्की करून टाकू." माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी टीव्हीवर भुपेंद्र उगवला.

खोलीत नव्हता! मागे खराखुरा निळा समुद्र, केस वाऱ्यावर, पोरगा आनंदानं नुसता उड्या मारत होता. "नमस्कार आजी! नमस्कार मामाजी! इथं शुक्रवारी सुट्टी असते, म्हटलं तुम्हाला खरा तिपासा दाखवावा! बाबांच्या मॉडेलशी जुळवून पाहा!" आणि त्यानं फोन फिरवला.

पडके दगड. मोडके खांब. गुडघाभर भिंती, त्यांच्यात गवत आणि पिवळी फुलं. "ही पाहा मोठी बासिलिका, आजी!" पोरगा दाखवून राहिला आणि पडद्यावर बासिलिकेच्या जागी मोकळं आभाळ.

अंगणातल्या कोंबड्यासुद्धा थांबल्या. भैय्याजींनी टीव्ही पाहिला, आमचे बावीस खांब पाहिले, परत टीव्ही पाहिला. "मधुकरराव," ते हळू म्हणाले, "आताच पडलं काय जी?"

वीरेंद्र माझ्या कानात कुजबुजला, "भूकंप म्हना काकाजी, भूकंप!" शप्पथ सांगतो, क्षणभर ते माझ्या जिभेवर आलं. पण पडद्यावर माझा पोरगा इतका खुशीत होता की मला माझीच किळस आली.

"नाही भैय्याजी," मी म्हटलं. "ते पहिलेपासून पडलेलं आहे. मला माहीत होतं. पडक्या गावात तुम्ही पोरगी देणार नाही म्हणून मी उभं दाखवलं. माझं चुकलं." आणि एकदा सुटलोच आहे तर म्हटलं, "अन् त्या डोण्याही नाहीत. तिथं जुन्या काळी माणसं पुरायचे त्या पेट्या आहेत."

भैय्याजींनी दोन्ही हात अंगापासून लांब धरले. ते तसेच उठले. "चाल माय. हे मानूस पहिल्याच दिवशी खोटं दाखवते. पुढं काय दाखवन?" दिघोरीचे लोक बशा खाली ठेवू लागले. रुखमिणीनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, संपलं. पोराचा संसार मी माझ्या हातानं सिमेंटमध्ये पुरला.

शकुनबाई मात्र हलल्या नाहीत. त्या टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या आणि काठीनं पडद्यावर एक दगड दाखवला.

"बाबू, हे गोटे कवापासून पडून हायेत?"

"दीड हजार वर्षं तरी झाली आजी."

"अन् कोनी उचलून नाही नेले?"

"जुन्या काळी काही नेले म्हणतात, आजी. पण आता कोणी हात लावत नाही. चौकीदार आहे, नुसतं खांबाला टेकलं तरी शिट्टी मारतो. गावातल्या पोरांनाही माहीत आहे कुठला दगड कुठला ते."

शकुनबाई वळल्या. "भैय्या, बस खाली. मागच्या साली मी दोन दिवस दवाखान्यात होती, तं माह्या घराच्या कुंपनाचे चार गोटे गेले. अजून पत्ता नाही. अन् हे लोक पाह्य. पडलेल्या गोट्याची राखन करून राहिले. ते जित्या मानसाले जपनार नाही काय? पोरगी देतो आमी तिथं."

मला काय झालं सांगता येत नाही. मी सरळ खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी मला काठीनंच उठवलं.

"पन हे असं नाही चालत. तुमी खोटं उभं केलं, तुमीच पाडा. जसं हाय तसं झालं का मंग कुंकू."

मी घण उचलला. पहिला घाव घातला तसा खुशाल मिस्त्री "काकाजी!" म्हणून ओरडत धावला. मला वाटलं अडवतो. त्यानं माझ्या हातातून घण काढून घेतला. "पाडाचंच हाय तं ढंगानं पाडा. कुठून तोडाचा ते तं पाहा!" आणि मग जी धमाल उडाली! खुशाल तोडतो, भैय्याजी धोतर खोचून तुकडे आडवे मांडतात, शकुनबाई टीव्हीकडे बोट दाखवून "तो डावीकडं लवंडला हाय, तुमचा उजवीकडं पडला" म्हणून दुरुस्त्या सांगतात, आणि समुद्रापलीकडून भुपेंद्र ओरडतो, "बाबा, बासिलिकेची भिंत अजून एक थर कमी! हां, बस, बस!" जनाबाईसुद्धा पोह्याची बशी घेऊन, आपल्या कोंबड्या कुठे उभ्या राहिल्या तर शोभतील ते सांगत होत्या.

तासाभरात वीस खांब पडले. उरलेले दोन मात्र हलेनात. खुशाल घामाघूम झाला, भैय्याजींनी चार घाव घातले, मी दोन घातले, साधा टवकाही नाही. "मसाला जास्त लागला वाट्टे," खुशाल ओशाळून म्हणाला. आम्ही सगळे शकुनबाईंकडे पाहू लागलो. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"बाबू, तुह्याकडं एखांदा उभा हाय का?"

भुपेंद्र फोन घेऊन धावला. पडदा हलला, गवत दिसलं, त्याच्या चपला दिसल्या, आणि मग समुद्राच्या बाजूला, उन्हात, दोन खांब दिसले. उभे.

"जुळलं," शकुनबाई म्हणाल्या, आणि रुखमिणीच्या हातातला कुंकवाचा करंडा स्वतःच उघडला.